मृत्यूचं कारण : सराव

पहाटे ५.३०
डोंबिवलीत ही पाण्याची वेळ. पिंपं भरून झाली की चहा घेऊन बसते आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी उघडते. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांनी धरलेला काळ ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सेवेत असताना गेलेल्यांची नावं तिथे आहेत. एकट्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत १,६६८ समाधी. नाव, हुद्दा, तुकडी, तारीख, बहुधा वयही. मृत्यू कशाने आला, ते सहसा नसतं. बाईचं नाव दिसलं की मी तारीख वहीत उतरवते आणि त्या दिवशी त्या तुकडीत काय घडलं होतं, ते शोधायला लागते. युद्धकाळात सरावाच्या अपघातांत गेलेल्या स्त्रियांची ही वही आहे.

सकाळी ८.१०
ठाण्याची लोकल. महिलांच्या डब्यात कशीबशी उभी आहे, पण मन वहीतल्या मेबल रॉलिन्सनपाशी. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझूची ही मुलगी वाचनालयात नोकरी करायची. पुढे ती 'वास्प' या महिला वैमानिकांच्या दलात गेली. २३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प डेव्हिस तळावर सरावाचं उड्डाण होतं. विमान कोसळलं. प्रशिक्षक बाहेर फेकला गेला आणि वाचला. मेबलच्या डोक्यावरच्या झाकणाची कडी बिघडलेली होती, ते उघडलं नाही आणि विमानाने पेट घेतला. वय २६.

'वास्प'च्या ३८ जणी गेल्या, त्यांतल्या ११ शिकाऊ असतानाच. कागदोपत्री त्या सैनिक नव्हत्या. त्यामुळे शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही आणि देह घरी पाठवायला सरकारी पैसाही नाही. मैत्रिणींनी वर्गणी काढून त्यांना घरी पोचवलं. सैनिकी दर्जा मिळायला १९७७ साल उजाडलं.

सकाळी १०.३०
ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. इथे येते ती आपल्याकडच्या बायकांच्या शोधात. विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) १९४२ मध्ये उभी राहिली आणि तिच्यात दहा हजारांवर स्त्रिया होत्या. कोणी टंकलेखन केलं, कोणी टेलिफोन आणि संदेशयंत्रणा सांभाळली, कोणी लष्करी गाड्या चालवल्या. तिचीच नौदल शाखा म्हणजे 'रिन्स'. आज युद्धावरची दोन जाड पुस्तकं चाळली. सेनापतींची नावं पानोपानी, या बायकांना एक ओळही नाही.

दुपारी १.००
डबा खाल्ला आणि वहीत मेबलचं पान पूर्ण केलं. 'कारण' या रकान्यात नुसतं 'अपघात' लिहून थांबत नाही. यंत्रात काय बिघडलं, कशावेळी, कुठे, हे सारं लिहिते. 'अपघात' म्हटलं की दैवावर बोट ठेवता येतं. 'कडी उघडली नाही' म्हटलं की ती कडी कोणीतरी दुरुस्त करायला हवी होती, हे समजतं.

दुपारी ३.३०
कल्याण, तिथून रिक्षाने उल्हासनगर. युद्धात इथे कल्याण कॅम्प ही मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार थाटले. रिक्षावाला आजही 'कॅम्प नंबर तीन की चार?' असंच विचारतो. पलीकडे नेवाळीला युद्धकाळातली धावपट्टी. तिच्या जमिनीचा वाद २०१७ मध्ये पुन्हा पेटला होता. जमिनीला सातबारा असतो, म्हणून तिची आठवण टिकते. माणसांची आठवण कोणीतरी मुद्दाम टिपून ठेवावी लागते.

संध्याकाळी ७.००
घरी. शेजारची मुलगी एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेचा अभ्यास करते. खडकवासल्याला मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.
"काकू, आता तर युद्ध नाही. मग हे कशाला लिहिता?"
मी तिला लेफ्टनंट किरण शेखावत यांचं पान दाखवलं. जानेवारी २०१५ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात नौदलाच्या महिला तुकडीत त्या चालल्या होत्या. २४ मार्चच्या रात्री सरावाला निघालेलं त्यांचं डॉर्नियर विमान गोव्याजवळ समुद्रात पडलं. कर्तव्यावर प्राण गमावणाऱ्या नौदलातल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. वय २६. युद्ध नव्हतं, सराव होता.
मुलीने पान दोनदा वाचलं.

रात्री १०.३०
वही मिटताना खडकीच्या शिळा आठवतात. लढाईत गेलेल्याची एक आणि सरावात गेलेल्याची दुसरी, असा भेद तिथे नाही. शिळा सारखीच. तो न्याय मला मान्य आहे, कारण सराव हीसुद्धा सेवाच.

तुमच्या घरात कोणाची आजी, आत्या, मावशी त्या युद्धात गणवेशात होती का? जुन्या ट्रंकेत तिचा फोटो असेल, तर आजच त्याच्या मागे तिचं नाव, तुकडी आणि साल लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.