‘अ’च्या रानात मुक्काम

जपानमधल्या कोयासान डोंगरावर रोज पहाटे सहाला एक ताट निघतं. दोन भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेतात, एका छोट्या देवळापाशी चव दाखवायला थांबतात आणि पूल ओलांडून देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांत शिरतात. साडेदहाला पुन्हा तेच. जेवण आहे कुकाईसाठी. 816 साली या डोंगरावर मठ उभारायची परवानगी मिळवणारा हा भिक्षू 835 साली गेला, असं इथं कुणी म्हणत नाही. तो ध्यानात बसलाय. संजीवन समाधी म्हटलं की मराठी माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

त्या समाधीभोवतीचं रान म्हणजे ओकुनोइन. पहिल्या पुलापासून समाधीपर्यंत दोन किलोमीटरची वाट, शेकडो वर्षांची झाडं आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून अधिक स्मारकं. ओदा नोबुनागा या सरदाराचं स्मारक इथं आहे आणि त्याचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेचंही! वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेनं वाळवीसाठी उभारलेला दगडसुद्धा आहे.

आता राहायचं कुठं? कोयासानवर शंभरावर मंदिरं आहेत आणि त्यांतली पन्नासेक पाहुणे ठेवतात. या मुक्कामाला शुकुबो म्हणतात. तातामीची चटई, सरकते कागदी दरवाजे, संध्याकाळी लवकर वाढलेलं मांस-मासळीविना जेवण. त्यात कोया-दोफू हमखास असतो: पूर्वी डोंगरावरच्या थंडीत गोठवून वाळवला जाणारा टोफू, स्पंजासारखा रस शोषून घेणारा. बऱ्याच ठिकाणी न्हाणीघर सामायिक असतं, आणि सुमारे 800 मीटर उंचीवर हिवाळा बोचरा असतो.

पण खोलीपेक्षा नकाशा आधी बघावा. गाव पूर्व-पश्चिम लांबट पसरलंय आणि रान पूर्वेच्या टोकाला आहे. माझं मत विचाराल तर मुक्काम इचिनोहाशी या पहिल्या पुलाजवळच हवा. शोजोशिन-इन अगदी पुलालगत आहे. एको-इन थोडं अलीकडे, तिथले भिक्षू पाहुण्यांना रात्री रानात फिरवून आणतात. दिवसभराचे प्रवासी ओसाकाच्या गाडीसाठी निघून गेले, की दगडी दिव्यांच्या मंद उजेडात ती वाट चालायला मिळते. शक्य असेल तर दोन रात्री राहावं, कारण मंदिरातली सकाळची प्रार्थना आणि समाधीकडे निघणारं पहाटेचं ताट यांच्या वेळा एकमेकींवर येतात. शेवटच्या पुलापलीकडे मात्र फोटो नाही, खाणंपिणं नाही.

या वाटेवर आपल्याला थबकवणारी गोष्ट वेगळीच आहे. स्मारकांचे दगड पाच आकारांत रचलेले असतात आणि त्यांवर अक्षरं कोरलेली: तळाशी पृथ्वीचं अ, मग जलाचं व, अग्नीचं र, वायूचं ह, माथ्यावर आकाशाचं ख. पंचमहाभूतं! लिपी सिद्धम, म्हणजे ब्राह्मीच्याच वंशातली, देवनागरीचं भावंड. भारतात ती केव्हाच मागे पडली. इथं अजून लिहिली जाते. 804 साली कुकाई चीनला गेला, चांगआनमध्ये प्रज्ञ या भारतीय भिक्षूपाशी शिकला आणि मंत्रांसह ही अक्षरं घेऊन परतला. त्याच्या पंथाचं नावच शिनगोन, ‘सत्य वचन’, म्हणजे मंत्र. एको-इनमध्ये रोज सकाळी ‘गोमा’ होतो, समिधा पेटतात, ज्वाळा छताकडे झेपावतात. गोमा म्हणजे होम. चिनी उच्चारातून जाता जाता शब्द एवढाच बदलला.

काही शुकुबोंमध्ये पाहुण्यांना ‘अजिकान’ शिकवतात. पाठ ताठ ठेवून बसायचं आणि श्वास सोडताना हलकेच ‘आ’ म्हणायचं. समोर एक पट टांगलेला असतो. त्यावर पांढरं चंद्रबिंब, बिंबात कमळ, आणि कमळावर एकच अक्षर: अ.