वेटोळ्यातील उष्णता: व्हेपच्या टाकीचे भौतिकशास्त्र

विजेची शेगडी, इस्त्री किंवा केस वाळवण्याचे यंत्र यांत तापणारी तार बहुधा नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांच्या संमिश्राची असते. अमेरिकी धातुतज्ज्ञ अल्बर्ट मार्श यांना या संमिश्राचे पेटंट १९०६ मध्ये मिळाले. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोव यांनी लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांचे 'कांथाल' हे संमिश्र विकसित केले. या दोन्ही तारांचा गुण एकच आहे, तो असा की त्या लालबुंद झाल्या तरी त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा चिवट थर बसतो आणि त्यामुळे आतला धातू हवेत जळून जात नाही. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, ज्या टाकीत कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, विकत न घेता वापरणारा ती स्वतःच्या हाताने गुंडाळतो, त्या टाकीत अशीच तार वापरली जाते.

मात्र तारेचा हा प्रवास भारतात कायद्याने अडवलेला आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटवर अध्यादेशाद्वारे बंदी आणली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री आणि वितरण यांवरील ही बंदी केवळ तयार यंत्रापुरती नसून, त्याच्या कोणत्याही भागालाही लागू आहे; त्यामुळे सुटी टाकी किंवा सुटी कॉइल विकणाराही त्यातून निसटत नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एका बाजूला न्हावा शेवा बंदर आणि दुसऱ्या बाजूला पुणे व गोव्याकडे जाणारे महामार्ग असलेल्या पनवेलसारख्या शहरात आयात आणि वाहतूक हे शब्द अर्थातच अधिक वजनाने वाचावे लागतात.

टाकीची रचना साधी असते. तळाशी धातूची बैठक, तिच्यावर दोन खांब, खांबांना स्क्रूने आवळलेले तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात, एवढाच तो संसार. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा द्रव केशाकर्षणाने, म्हणजे धाग्यांमधल्या बारीक फटींतून आपोआप चढत, वातीतून तारेपर्यंत पोहोचतो, तेथे त्याची वाफ होते आणि ती थंड होताच तिचे सूक्ष्म थेंब बनून हवेत तरंगतात.

खरा प्रश्न वेटोळ्याच्या रोधाचा, म्हणजे तार विजेच्या प्रवाहाला जो विरोध करते त्याचा आहे. कांथालची ०.४ मिलिमीटर जाडीची तार एका मीटरला सुमारे साडेअकरा ओहम रोध देते. तीन मिलिमीटर व्यासाच्या कांडीवर तिचे आठ वेढे दिले आणि दोन्ही टोके धरली, तर साधारण साडेनऊ सेंटिमीटर तार लागते आणि रोध १.१ ओहमच्या आसपास येतो. पूर्ण भारित लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असल्याने ओहमच्या नियमाप्रमाणे वेटोळ्यातून ३.८ अँपिअर धारा वाहते आणि १६ वॅट शक्ती उष्णतेत बदलते. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीला २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर लागतात, हे ध्यानात घेतले तर बोटाएवढ्या सेलवर पडणारा ताण उमगतो. अशीच दोन वेटोळी समांतर जोडली की रोध निम्मा आणि धारा दुप्पट होते. आणि हौशी मंडळी रोध ०.१ ओहमपर्यंत खाली नेतात, तेव्हा गणित ४२ अँपिअर मागते, जे सामान्य सेलच्या क्षमतेबाहेरचे आहे. सेल अतितप्त होऊन पेटण्याचा धोका येथेच उद्भवतो. कारखान्यात अभियंता जी मर्यादा ठरवतो, ती येथे स्क्रू फिरवणाऱ्याच्या हाती जाते, आणि या छंदाचे आकर्षण व जोखीम दोन्ही त्यातच आहेत.

तापमानाचा हिशेब त्याहून अवघड आहे. वात ओली असेतो उकळणारा द्रवच तारेला आवर घालतो, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सियसला आणि ग्लिसरीन २९० अंशांना उकळते. वात कोरडी पडली की हा आवर सुटतो, कापूस करपतो आणि ग्लिसरीनमधून पाण्याचा अंश निघून अॅक्रोलीन हा झोंबणारा वायू तयार होतो, जो कढईतले तेल जळू लागल्यावर डोळ्यांना जाणवतो. यंत्राला तारेचे तापमान कळावे म्हणून काही ठिकाणी शुद्ध निकेल वापरतात, कारण त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्यांनी वाढतो आणि त्यावरून तापमान काढता येते. कांथालचा रोध मात्र तापल्यावरही जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून शेगडीसाठी उत्तम असलेली ही तार स्वतःच्या तापमानाविषयी यंत्राला काहीच सांगत नाही.

राहिला धातूंचा प्रश्न. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वापरकर्त्यांची यंत्रे तपासली, तेव्हा भरण्याच्या बाटलीतील द्रवात अल्प असलेले शिसे, क्रोमियम आणि निकेल तापलेल्या फवाऱ्यात मात्र अधिक आढळले, यावरून या धातूंचा उगम तापणाऱ्या कॉइलकडे असल्याचे सूचित होते. कॉइल झिजत गेली की धातू अधिक सुटत असतील, असा सर्वसाधारण तर्क असतो. पण या पाहणीत वारंवार कॉइल बदलणाऱ्यांच्या यंत्रांतच धातूंचे प्रमाण जास्त दिसले, म्हणजे ताजी तारच अधिक धातू सोडत असण्याची शक्यता समोर आली.