घराजवळच्या उपचारांचा पुरस्कर्ता : विल्हेल्म ग्रीझिंगर

१८६७ साली भुसावळकडून आलेला लोहमार्ग मलकापूर, अकोला, बडनेरा मागे टाकत नागपूरला पोचला. नागपुरात त्याच्या तीन वर्षं आधी, १८६४ मध्ये, वेड्यांचं इस्पितळ उभं राहिलं होतं. विदर्भाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आजही तेच आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरहून तिथवरचं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. रुग्णाला सोबत घेऊन एवढा प्रवास करायचा म्हणजे घरच्यांची मजुरी बुडते. पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायला कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. नेमक्या त्याच वर्षांत बर्लिनमधले एक प्राध्यापक आपल्या व्यवसायबंधूंना सांगत होते की, रुग्णाला दूर नेऊ नका, उपचार त्याच्या गावाजवळ आणा. विल्हेल्म ग्रीझिंगर हे त्यांचं नाव. जेमतेम ५१ वर्षांच्या त्यांच्या आयुष्याकडे बुलढाणा जिल्ह्यातून पाहावं, असं त्यात पुष्कळ आहे.

ग्रीझिंगर यांचा जन्म २९ जुलै १८१७ रोजी स्टुटगार्टमध्ये झाला. ट्यूबिंगेन आणि झुरिचमध्ये वैद्यक शिकून ते पॅरिसला गेले. १८४० पासून दोन वर्षं त्यांनी विनेन्टालच्या मनोरुग्णालयात अल्बर्ट त्सेलर यांच्या हाताखाली काढली. मनोरुग्णांसोबतचा त्यांचा सलग अनुभव त्या वेळी एवढाच होता. तेवढ्या बळावर १८४५ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, मानसिक आजार आणि त्यांचे उपचार या विषयावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यानं युरोपातल्या मनोविकारशास्त्राची दिशा बदलली. मानसिक आजारात मेंदूच आजारी असतो, ही त्याची मुख्य मांडणी. वेड हे पापाचं फळ आहे असं मानणाऱ्या डॉक्टरांची एक पिढी तेव्हा जर्मनीत हयात होती. ग्रीझिंगर यांनी रुग्णाच्या माथ्यावरचा तो कलंक पुसला. पोट, फुप्फुस, हृदय यांच्याप्रमाणे मेंदू हाही एक अवयव आहे आणि त्याच्या दुखण्याची शरम बाळगायचं कारण नाही, असा या विचाराचा अर्थ होता. त्याच वेळी दुःख, ओढाताण, घरातले आघात यांनाही त्यांनी आजाराच्या कारणांत मोठी जागा दिली होती. त्यांना केवळ ‘मेंदूवाले’ ठरवणं म्हणूनच अन्यायाचं होईल.

पुढची काही वर्षं ते या विषयापासून लांब होते. १८५० मध्ये ते कैरोला गेले, तिथल्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख झाले आणि इजिप्तचे राज्यकर्ते अब्बास पाशा यांचे वैद्यही. माणसाला पांढराफटक करून टाकणाऱ्या तिथल्या रक्तक्षयाचं मूळ आतड्यातल्या अंकुशकृमींत आहे, हे त्यांनी शवविच्छेदनातून दाखवलं. अनवाणी राबणाऱ्या गरिबांचा हा आजार होता. जर्मनीत परतल्यावर साथीच्या रोगांवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. मनोविकारांकडे ते पुन्हा वळले ते असे सर्व अंगांचे वैद्य होऊन.

१८६० मध्ये ते झुरिचला आले. पुढे प्रसिद्धीला आलेल्या बुर्गहोल्झली या तिथल्या मनोरुग्णालयाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. इंग्लंडमध्ये जॉन कॉनोली यांनी १८३९ मध्ये हॅनवेलच्या रुग्णालयातून साखळ्या, पट्टे आणि बांधून ठेवण्याची साधनं काढून टाकली होती. ग्रीझिंगर यांना आधी या पद्धतीबद्दल शंका होत्या. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांचं मत बदललं आणि जर्मन भाषक जगात ते तिचे सर्वांत खंबीर समर्थक झाले.

१८६५ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात ते रुजू झाले. मज्जासंस्थेचे आणि मनाचे रुग्ण त्यांनी एकाच विभागाच्या छताखाली आणले. १८६७ मध्ये त्यांनी नवं नियतकालिक आणि नवी वैद्यकसभा सुरू केली. याच काळात त्यांनी ‘शहरी आश्रयस्थाना’ची योजना मांडली. आजार नुकताच उद्भवलेल्या किंवा थोडक्या मुदतीत बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णांसाठी शहरातच लहान रुग्णालय असावं, दाखल होण्याचे सोपस्कार कमी असावेत, नातलगांना येता-जाता यावं आणि विद्यार्थ्यांना तिथं शिकता यावं. दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी शेतीची वसाहत किंवा कुटुंबात राहण्याची सोय असावी. दूर रानात बांधलेल्या मोठ्या रुग्णालयांच्या प्रमुखांना हे रुचलं नाही. हाइनरिश लेअर त्यांचे अग्रणी होते. वाद कडवट झाला आणि तो ऐन भरात असतानाच २६ ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रीझिंगर यांचं निधन झालं. त्यांची योजना कागदावरच राहिली.

ती पुढे तुकड्यातुकड्यांनी खरी होत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल क्रेपेलिन यांनी म्युनिक शहरात चालवलेलं विद्यापीठाचं मनोरुग्णालय हा तिचाच एक अवतार म्हणता येईल. भारतात सर्वसाधारण रुग्णालयातला पहिला मनोविकार विभाग १९३३ मध्ये कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी सुरू केला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी तसाच विभाग उघडला. १९५० च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांसोबत राहायला लावलं. १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला.

ग्रीझिंगर यांना कुटुंबातल्या संगोपनाचा आदर्श बेल्जियममधल्या गेल गावात दिसला होता. सेंट डिम्फ्ना या संत स्त्रीच्या स्थानी बरं होण्याच्या आशेनं आलेल्या रुग्णांना गावकरी शतकानुशतकं आपल्या घरात ठेवत आले. श्रद्धेच्या ठिकाणातूनच तिथं सांभाळाची व्यवस्था घडली. आपल्या जिल्ह्याला हे परकं वाटायला नको. राजूर घाट चढून बुलढाण्याच्या पुढे गेलं की पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. सर्व धर्मांची कुटुंबं मनाच्या दुखण्यानं पिडलेल्या आपल्या माणसांना तिथं घेऊन येतात आणि मुक्काम करतात. या कुटुंबांना अडाणी म्हणून हिणवणं सोपं आहे, पण ती येतात कारण तिथं त्यांना कुणी परत पाठवत नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुवेच्या शेजारीच दवा देण्याचा प्रयोग झाला आहे. श्रद्धा आणि उपचार एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसलं.

उपचाराविना केवळ साखळी उरली तर काय होतं, हेही देशानं पाहिलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं होरपळून मेली. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला साखळी घालायला बंदी आहे आणि समाजात राहून उपचार घेण्याचा त्याचा हक्क मान्य झाला आहे. ग्रीझिंगर यांच्या मागण्या कायद्यात यायला दीडशे वर्षं लागली.

उपचार गावापर्यंत पोचवता येतात, याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळाला. तिथल्या ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं आणि नैराश्यावरची मदत दारात नेली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भात या आकड्यांचं मोल फार मोठं आहे.

म्हणून मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावानं ठरलेल्या वारी येणारा मनोविकारतज्ज्ञ, खंड न पडता मिळणारी औषधं आणि घरी जाऊन विचारपूस करणारा कार्यकर्ता या तीन गोष्टी हक्कानं मागाव्यात. ग्रामसभेत, नगरपरिषदेत, रुग्णालयाच्या समितीत मागाव्यात आणि मिळेपर्यंत मागत राहाव्यात. घाटाखालच्या माणसाला मनाच्या आजारासाठी गाव सोडावं लागू नये, एवढंच ग्रीझिंगर यांचं म्हणणं होतं आणि ते आजही तितकंच रास्त आहे.