इस्तंबूलच्या आरमारी संग्रहालयात

गेल्या साली कापडाचे नमुने पाहण्यासाठी इस्तंबूलला जाण्याचा योग आला. लालेलीच्या ठोक बाजारात दोन दिवस भावतोल झाला. तिसरा दिवस रविवारचा, बहुतेक दुकाने बंद. तेव्हा बॉस्फरसच्या काठावर बेशिकताश भागातले आरमारी संग्रहालय पाहून आलो.

हे संग्रहालय 1897 साली गोदीच्या आवारात सुरू झाले, 1961 मध्ये बेशिकताशला आले. आजची मोठी इमारत 2013 ची. शेजारीच खैरुद्दीन बारबरोसा पाशाची कबर आहे. 1538 साली प्रेवेझाच्या लढाईत युरोपच्या एकत्रित आरमाराला हरवणारा हाच तो दर्यासारंग.

आत सुलतानांच्या सोनेरी नक्षीच्या होड्या ओळीने ठेवल्या आहेत. पण पाय थांबतात ते कादिर्गा या जुन्या जहाजापाशी. लांबी जवळजवळ 40 मीटर, वल्ही 48, एकेका वल्ह्याला तीन माणसे, म्हणजे 144 वल्हेकरी! मागच्या बाजूला सुलतानाची बैठक, तिच्यावर शिंपल्याचे व कासवाच्या पाठीचे जडावकाम. सुलतान कोण ते सगळे सांगतात. हे जडाव बसवणाऱ्या कारागिरांचे नाव मला कुठे दिसले नाही. आपल्या पैठणीवर तरी विणकराचे नाव कुठे असते म्हणा.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या जहाजात मालाला जागाच नाही. सगळी जागा माणसांनी भरलेली. एवढ्यांना पाणी व शिधा पुरवायचा तर वरचेवर किनारा गाठावा लागणार. भूमध्य समुद्रात ते जमते, आपल्या पावसाळी समुद्रात नाही.

हे सीदी अली रईसला भोगावे लागले. 1554 साली तो बसऱ्याहून 15 जहाजे सुएझला न्यायला निघाला. वाटेत पोर्तुगीजांशी लढाई झाली, काही जहाजे गेली आणि उरलेली वादळाने थेट गुजरातच्या किनाऱ्यावर आणून टाकली. मोडकी जहाजे सुरतेला सोडावी लागली. त्याची बरीच माणसे गुजरातेतच चाकरीला राहिली. तो मात्र अहमदाबाद, सिंध, लाहोर करत दिल्लीला पोचला. हुमायून बादशहाचा इंतकाल झाला तेव्हा तो दिल्लीतच होता. घरी पोचायला 1557 साल उजाडले. या सफरीवर त्याने "मिरातुल ममालिक" हे पुस्तक लिहिले.

वादळाचे वाचताना मला माझ्या 40 गाठी आठवल्या. विम्याचे पैसे वाचवायला मी माल तसाच बोटीने पाठवला होता. पाणी शिरले, रंग उतरला, गिऱ्हाइकाने माल परत केला. धाकट्या भावाने विमा काढायला बजावले होते. मी ऐकले नाही. ते कर्ज फेडायला चार वर्षे लागली. व्यापारी बंधूंनो, माल किनाऱ्याला लागेपर्यंत तो आपला नाही असेच धरून चला आणि विम्याची पावती हातात आल्याशिवाय गाठ हलवू नका.

निघताना एका जुन्या पाटीपुढे एक तुर्की विद्यार्थी उभा होता. 1928 साली तिकडे लिपी बदलली, त्यामुळे आजोबांच्या काळची अक्षरे त्याला येत नाहीत. मी उर्दू शाळेत शिकलेला; अक्षरे वाचून दाखवली. "बहरिये" म्हणताच तो हसला, म्हणजे आरमार. पुढचे शब्द मी वाचत गेलो आणि अर्थ तो सांगत गेला.