भूकंप विमा: हजार घरं एकाच दिवशी पडली तर?

आग किंवा चोरीचा विमा कसा चालतो, हे आपल्याला साधारण माहीत असतं. खूप लोक थोडे थोडे पैसे भरतात, त्यातल्या काहींचं नुकसान होतं आणि जमलेल्या पैशातून त्यांना भरपाई मिळते. मग भूकंपाचा विमा वेगळा का असतो? कॅलिफोर्नियात तो घराच्या नेहमीच्या पॉलिसीत का येत नाही? त्यातली वजावट, म्हणजे डिडक्टिबल, एवढी मोठी का?

या तिन्ही प्रश्नांचं उत्तर संख्याशास्त्रातल्या एका गृहीतकात आहे: घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल, कारण हेच गृहीतक आपणही आपल्या डेटावर सहज लावून मोकळे होतो.

सरासरी तीच, धोका वेगळा

समजा, एका कंपनीने १,००० घरांचा विमा उतरवला आहे. कोणत्याही वर्षी एखादं घर जळण्याची शक्यता १ टक्का. एक घर जळलं म्हणून दुसरं जळेल असं नाही. म्हणजे वर्षाला सरासरी १० घरं जळतील. स्टँडर्ड डेव्हिएशन काढा: १,००० × ०.०१ × ०.९९ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ३.१५. वीसपेक्षा जास्त घरं जळाली असं वर्ष फारच क्वचित येईल. कंपनीने २० घरांचे पैसे तयार ठेवले की ती निवांत.

आता भूकंप घ्या. शक्यता तीच, १ टक्का. पण सगळी घरं एकाच पट्ट्यात आहेत आणि पडली तर सगळी एकदमच पडतील असं टोकाचं उदाहरण धरू. सरासरी अजूनही १० च! पण प्रत्यक्षात बहुतेक वर्षी एकही घर पडत नाही आणि एखाद्या वर्षी १,००० पडतात. स्टँडर्ड डेव्हिएशन ३.१५ वरून थेट ९९.५ वर गेलं.

सरासरीवरून प्रीमियम ठरवणारी कंपनी इथे बुडते, कारण दहाव्या वर्षीच भूकंप आला तर तिच्याकडे तोपर्यंत फक्त १०० घरांचे पैसे जमलेले असतात. उपाय दोनच: धोका जगभर पसरवायचा (कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात, त्याला पुनर्विमा म्हणतात) किंवा ग्राहकाला द्यायची रक्कम मर्यादित ठेवायची.

कॅलिफोर्नियात काय झालं

तिथे १९८५ पासून कायदा आहे की घराचा विमा विकणाऱ्या कंपनीने ग्राहकाला भूकंपाचं कव्हरही देऊ केलंच पाहिजे. ते घ्यायचं की नाही, हे ग्राहकाने ठरवायचं. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि विमा कंपन्यांवर १२ अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे क्लेम आले. कंपन्या घाबरल्या. भूकंपाचं कव्हर द्यायला नको म्हणून बऱ्याच कंपन्यांनी घरांचा साधा विमा विकणंही आखडतं घेतलं. शेवटी १९९६ मध्ये राज्याने कॅलिफोर्निया अर्थक्वेक अथॉरिटी स्थापन केली. तिचा कारभार सार्वजनिक आहे, पण पैसा सरकारी तिजोरीतला नाही.

तिच्या पॉलिसीत वजावट ५ ते २५ टक्के असते. इथे नीट लक्ष द्या: ही टक्केवारी नुकसानीची नाही, विमा रकमेची आहे. घराचा विमा ५ लाख डॉलरचा आणि वजावट १५ टक्के असेल, तर पहिले ७५,००० डॉलर तुमचे. नुकसान ६०,००० चं झालं तर घरासाठी काहीच मिळत नाही. शिवाय एखाद्या महाभूकंपात अथॉरिटीची ऐपतच संपली, तर सगळ्यांचे क्लेम प्रमाणात कमी करण्याची तरतूदही आहे.

भाडेकरूचं काय? घरमालकाचा विमा भिंतींचा असतो. भाडेकरूचा फ्रिज, लॅपटॉप, कपाट त्यात येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते. तात्पुरतं दुसरीकडे राहायचा खर्चही त्यात असतो आणि त्या खर्चाला वजावट लागत नाही.

आपल्याकडे

भारतात १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात आग, पूर, वादळ यांच्याबरोबर भूकंपही आधीच धरलेला आहे. विमा रक्कम ठरते कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी. समजा फ्लॅट ६०० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये, तर विमा १५ लाखांचा. बाजारभाव ६० लाख असला तरी! कारण जमिनीची किंमत यात धरत नाहीत. घरातल्या सामानाला या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कव्हर आपोआप मिळतं. या उदाहरणात ३ लाख. भाडेकरू फक्त सामानाचा विमा घेऊ शकतो.

आणखी एक गल्लत बरेच जण करतात. गृहकर्जाबरोबर घेतलेला ‘लोनचा विमा’ बहुतेकदा कर्जदाराच्या मृत्यूसाठी असतो. घर पडलं आणि माणूस सुखरूप असला, तर तो विमा कामाला येत नाही. हप्ते मात्र चालूच राहतात.

‘आमचा भाग सेफ आहे’

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग त्यावेळच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. जड दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो लोक गेले. २००२ च्या नकाशात पहिला झोनच काढून टाकला. आपल्याकडची भूकंपांची नोंद थोड्या काळाची आहे आणि खंडाच्या आतल्या भागात दोन मोठ्या भूकंपांमधलं अंतर फार मोठं असू शकतं. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही.

तुमच्या संशोधनात हे कुठे येतं?

एकाच शाळेतले ३०० विद्यार्थी, एकाच गावातली २०० शेतं, एकाच वॉर्डातले रुग्ण. आपण एन बरोबर ३०० लिहितो आणि पुढे जातो. पण त्यांचा शिक्षक, पाऊस किंवा डॉक्टर एकच असेल, तर ती निरीक्षणं पूर्ण स्वतंत्र नाहीत आणि खरा नमुना दिसतो त्यापेक्षा लहान असतो. वरच्या टोकाच्या उदाहरणात १,००० घरांचा नमुना प्रत्यक्षात एकाच घराएवढा होता. म्हणून सरासरी काढण्याआधी स्वतःला विचारा: यांच्या पायाखालची जमीन एकच तर नाही ना?

आणि घरी पॉलिसी असेल तर आज काढून तीन गोष्टी बघा: भूकंप लिहिलेला आहे का, विमा रक्कम बांधकामाच्या आजच्या दराला धरून आहे का, आणि वजावट कशाच्या टक्क्यात आहे.