एकट्याची कॅसेट

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही चार प्रश्न विचारत असू. धंदा कोणता, स्वतःचं भांडवल किती, तारण काय आणि माल कोण घेणार? पहिल्या तिन्हींची उत्तरं कागदावर मिळतात. चौथ्याचं मिळत नाही. अर्जदार म्हणतो, "साहेब, लोक तुटून पडतील." अधिकारी मनातल्या मनात तो आकडा निम्मा करतो आणि टिपण लिहायला घेतो. माल ओळखीचा असेल तर हे जमून जातं. पण जी वस्तू अजून कोणी पाहिलेलीच नाही, तिला मागणी आहे की नाही हे सांगायचं कसं? पस्तीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला एकाही परिपत्रकात सापडलं नाही. एका कॅसेटनं मात्र त्यावर बराच विचार करायला लावला. आज तिच्याविषयी.

कॅसेटचं नाव 'गोवन क्रेझी'. साल १९८४. करणारा रेमो फर्नांडिस. हे नाव सांगून लक्षात येत नसेल तर मणिरत्नमच्या 'बॉम्बे'चं हिंदी रूप आठवा. १९९५ साली घराघरांत वाजलेल्या त्यातल्या 'हम्मा हम्मा'चा आवाज त्याचा. १९९८ च्या 'प्यार तो होना ही था'च्या शीर्षकगीतातला पुरुषाचा आवाजही त्याचाच. पण ही ओळख पुढची. त्याआधी तो होता शिवोली या बार्देशातल्या गावचा गिटारवाला. १९५३ चा जन्म. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकला, पण इमारती बांधण्यात त्याचं मन रमलं नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गिटार पाठीला लावून युरोप आणि उत्तर आफ्रिका फिरला, तिकडच्या बँडमधून वाजवलं आणि परत आला तो थेट गावी.

त्याच्याजवळ स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली इंग्रजी गाणी होती. रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिला. त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. इंग्रजी रॉक ऐकणारा शहरी मुलगा परदेशी तबकड्या घेतो. देशी माणसानं केलेलं इंग्रजी गाणं तो कशाला घेईल? आणि बाकीचा देश हिंदी चित्रपटगीतं ऐकतो. म्हणजे गिऱ्हाईक शून्य. मी त्या खुर्चीवर असतो तर माझ्याही टिपणाचा सूर फारसा वेगळा नसता.

मग या गृहस्थानं घरातच कारखाना घातला. कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं एक यंत्र घेतलं. गिटार त्यानं वाजवली, बासरी त्यानं वाजवली, बाकीची वाद्यंही त्यानंच. सगळे आवाज त्याचे. ध्वनिमुद्रण त्याचं, मिश्रण त्याचं, वेष्टणावरचं चित्रही त्याचंच. कॅसेटी तयार करून घेतल्या आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी पोचवल्या. लेखक, प्रकाशक, मुद्रक आणि विक्रेता एकच.

या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यात आहे. आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर आवाजाचे चार पट्टे असतात. दोन 'अ' बाजूचे, दोन 'ब' बाजूचे. जपानच्या टीअ‍ॅक कंपनीनं १९७९ साली असं यंत्र आणलं की जे हे चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतं, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगानं पळवतं. साहजिकच साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटं मावतात. पण एका पट्ट्यावर ताल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गळा असं एकटा माणूस एकामागून एक भरू शकतो. आणखी वाद्यं हवी असतील तर भरलेले तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. यात दोन जोखमी. दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. आणि एकदा उतरवल्यावर त्यातली गिटार मोठी किंवा ताल लहान करता येत नाही. म्हणजे पाचवं वाद्य सुचण्याआधीच पहिल्या तिघांचा निकाल लावावा लागतो. आमच्याकडे शाईनं केलेली नोंद असे, तसं.

एकट्यानं घरी तबकडी करणारा रेमो जगातला पहिला नव्हे. बीटल्स फुटत असताना पॉल मॅकार्टनीनं १९७० साली आपल्या पहिल्या एकल अल्बममध्ये सगळी वाद्यं स्वतः वाजवली, त्यातला बराच भाग लंडनच्या राहत्या घरी चार ट्रॅकवर भरला. समीक्षकांनी त्याला अर्धवट म्हटलं, लोकांनी भरभरून विकत घेतलं. अमेरिकेच्या ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ च्या 'नेब्रास्का'ची गाणी अशाच कॅसेटच्या यंत्रावर कच्चा खर्डा म्हणून भरली होती. पुढे संपूर्ण बँड घेऊन ती पुन्हा केली, तेव्हा खर्ड्यातलं काहीतरी हरवलं, म्हणून शेवटी तो खर्डाच बाजारात आला. पण ही दोघं आधीच जगप्रसिद्ध होती. शिवोलीच्या रेमोला शिवोलीबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं.

आणि आपल्याकडे गिटारवाल्याला नाव असण्याची पद्धतच कुठे होती? आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरात गिटार म्हणजे सुनील गांगुलींच्या हवाईयन गिटारवर वाजणारी चित्रपटगीतं, नाहीतर गाण्यातला तो आरंभीचा तुकडा. 'चुरा लिया है'ची सुरुवात सगळ्यांना पाठ, पण ती गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली हे कितीजणांना ठाऊक होतं? मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याची माणसं तर पिढ्यान् पिढ्या राबली. कोणी व्हायोलिन धरलं, कोणी ट्रम्पेट, कोणी स्वरलिपी लिहून अख्खा वाद्यवृंद बांधून दिला. सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक शंकर-जयकिशनच्या मागे उभे होते. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव गाण्यात आलं आणि देशभर दुमदुमलं, तरी त्या नावाचा खरा माणूस आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. गोवेकर वादकासमोर रस्ता एकच होता: मुंबईची गाडी पकडायची आणि दुसऱ्याच्या नावाखाली वाजवायचं. रेमो मुंबई बघून परत फिरला आणि घरी बसून आपल्या नावानं वाजवू लागला, हे मला त्या कॅसेटमधल्या संगीताइतकंच महत्त्वाचं वाटतं.

१९८५ साली माझी नागपूरहून म्हापशाला बदली झाली. सव्वीस वर्षांचं वय. कोकणी कळत नाही, मासे खाता येत नाहीत, रॉक संगीत म्हणजे धांगडधिंगा अशी घरची शिकवण. शुक्रवारच्या बाजारात सॉसेजच्या माळा आणि कुणब्यांच्या भाज्यांच्या मधोमध कॅसेटची दुकानं असत. एकीकडून तियात्रातली कांतारां, दुसरीकडून लता, आणि मधूनच हा रेमो.

ऐकणाऱ्यांचे मला तीन प्रकार दिसले. पहिला प्रकार आमच्या शाखेतल्या तरुण कारकुनांचा. परदेशी बँडची गाणी त्यांना तोंडपाठ होती. त्या गाण्यांतले रस्ते, पूल, शहरं मात्र त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. आता त्याच ठेक्यावर कोणीतरी गोव्याबद्दल बोलत होता. "हो आमगेलोच," असं एक जण मला अभिमानानं म्हणाला. गिटार चांगली की वाईट या चर्चेत तो पडलाच नाही.

दुसरा प्रकार आमच्या हेड कॅशियरचा. पन्नाशीचे, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारे, कानाचे पक्के. रेमोनं पुढे 'ओल्ड गोवन गोल्ड' काढली, त्यात गोव्याची जुनी पारंपरिक गाणी नव्या साजात बसवली होती. ती ऐकून कॅशियरसाहेब मान हलवून म्हणाले, "मांडो असो गायनात रे." मांडो असा गात नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मांडोची संथ, हुंदका गिळून चालणारी लय विजेच्या गिटारीला सहज पेलत नाही. पण त्याच आठवड्यात त्यांनी त्या कॅसेटच्या दोन प्रती घेतल्या. एक घरी आणि एक कुवेतला, मुलासाठी. विचारलं तर म्हणाले, "तो माझे मांडो ऐकत नाही. हे ऐकेल."

तिसरा प्रकार मी काउंटरवर बसून ओळखायला शिकलो. म्हापशाच्या कोणत्याही बँकेत त्या काळी आखाताचा पैसा येई. बहरीन, कुवेत, दुबईहून ड्राफ्ट येत, आया आणि बायका ते जमा करायला येत. परतीच्या टपालात, किंवा सुटीवरून परतणाऱ्या शेजाऱ्याच्या बॅगेत, लोणचं, सुकी सुंगटं आणि कॅसेट जाई. ज्या गिऱ्हाइकाला कंपन्यांनी शून्य धरलं होतं, ते तिकडे वाळवंटात चौघांच्या खोलीत राहत होतं. मुंबईच्या बाजाराच्या पाहणीत ते येणं शक्यच नव्हतं.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. १९८५ साली श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये रेमो दिसला आणि गायला. १९८६ ची 'पॅक दॅट स्मॅक' अमली पदार्थांच्या विरोधात होती. गोव्याच्या किनाऱ्यांवर तेव्हा तो प्रश्न प्रत्येक घराच्या दाराशी येऊन ठेपला होता. १९८७ साली 'जलवा'चं शीर्षकगीत आलं. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यातल्या एका समारंभात रेमोनं त्यांच्यासमोर 'हॅलो राजीव गांधी' हे गाणं म्हटलं आणि त्यात गोव्याचं काय काय बिघडलंय ते सुनावलं. स्थानिक वर्तमानपत्रांत वादळ उठलं. त्यानं कात्रणं पंतप्रधानांकडे पाठवली. गाणं आवडलं, त्यात गैर काही वाटलं नाही, असं उत्तर आलं. २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ साली आत्मचरित्र आलं. ज्याचं गिऱ्हाईक शून्य होतं त्याची ही कहाणी.

यातून 'प्रयत्नांती परमेश्वर' असा धडा काढायचा मोह होतो. तो मी काढणार नाही. नकार मिळालेल्या शंभरांतल्या नव्याण्णवांची कॅसेट निघत नाही, किंवा निघते आणि धूळ खाते. कर्जखात्यांचा अनुभव असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मला दिसतं ते इतकंच की १९८० च्या आसपास कॅसेट स्वस्त झाली आणि 'माल कोण घेणार' हे ठरवण्याचा अधिकार थोड्या हातांतून सुटला. तबकडी काढायला कारखाना लागे, कॅसेटच्या प्रती लहानशा खोलीतही निघत. याचा पुरावा आपल्या नागपुरातच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी मांडलेल्या असत. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं जेवणाच्या पैशांतून वाचवून त्या नेत. गावोगावच्या गायकांचे आवाज असे लाखोंपर्यंत गेले. शिवोलीचा रेमो आणि आपल्याकडचा भीमशाहीर यांच्या संगीतात काही साम्य नाही. पण दोघांनाही आपला ऐकणारा माहीत होता, आणि तो ऐकणारा मुंबईच्या वहीत नव्हता.

आज यंत्राचा प्रश्न मिटला आहे. धरमपेठेत काय किंवा मानेवाड्यात काय, एखाद्या घरातून संध्याकाळी गिटार ऐकू येते. दार लोटून पाहिलं तर पलंगावर लॅपटॉप आणि समोर एक पोट्टा. चार पट्ट्यांऐवजी त्याच्याकडे हवे तेवढे पट्टे आहेत. खरखर नाही, चुकलं तर पुसता येतं आणि रात्रीतून जगभर पाठवता येतं. मुंबईच्या वॉरन मेंडोन्सानं 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावानं २००७ पासून गिटारचे अल्बम काढले. बहुतेक सगळे शब्दांविना, तरी त्यांना ऐकणारे मिळाले. त्याच्या २०१७ च्या अल्बमचं नावच आहे 'द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन', फितीवर वाढलेली शेवटची पिढी. मी त्याच्याहून बराच थोरला, पण त्या पिढीत मलाही जागा मिळावी.

अडचण आता दुसऱ्या टोकाला आहे. कॅसेट विकत घेतलेली असे, त्यामुळे आवडलं नाही तरी माणूस ती उलटून 'ब' बाजू लावी. तिसऱ्यांदा ऐकताना एखादं नावडतं गाणं आवडू लागे. आता पहिल्या दहा सेकंदांत बोट पुढे सरकतं. करणाऱ्याचा खर्च कमी झाला तसं ऐकणाऱ्याचं भांडवलही कमी झालं, आणि बिनभांडवलाच्या व्यवहारात कोणाचाच जीव गुंतत नाही.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. नोकरी सांभाळून गिटार वाजव, हे आपण मुलांना सांगतोच, आणि सांगावंही. मी स्वतः बँक सांभाळूनच कादंबऱ्या लिहिल्या. पण घरातल्या किंवा शेजारच्या पोराने काही भरून आणलं, तर ते एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बसून ऐका. मधे फोन घेऊ नका. आवडलं नाही तर आमच्या हेड कॅशियरसारखं स्पष्ट सांगा, आणि त्यांच्यासारखीच एक प्रत विकतही घ्या. लांब गेलेल्या एखाद्या नातलगाला पाठवायला ती उपयोगी पडेल.