पंचवीस हजारांत विंडोज की लिनक्स?

बारावीत 75 टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी 25 हजार रुपये देते. जुलै 2025 मध्ये 94 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. सरकार यंत्र नव्हे, पैसे देते. त्यामुळे त्यावर विंडोज असावे की लिनक्स, हे उज्जैनच्या विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. केरळच्या सरकारी शाळांत हा निर्णय राज्यानेच घेतला असून तेथे लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती वापरली जाते.

2007 मध्ये आसुसने 'ई पीसी' हा चिमुकला लॅपटॉप लिनक्ससह आणला, तेव्हा स्वस्त यंत्रांवर मुक्त प्रणालीचेच राज्य येणार असे वाटले होते. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोज एक्सपीची विक्री अशा यंत्रांसाठी लांबवली आणि थोड्याच काळात बाजी उलटली. भारतात मात्र लिनक्सचा खरा प्रतिस्पर्धी विकत घेतलेले विंडोज नव्हतेच. केवळ 'डॉस' असलेला स्वस्त लॅपटॉप घ्यायचा आणि त्यावर विंडोजची बेकायदा प्रत टाकून घ्यायची, ही वाट सर्वांच्या परिचयाची. दोन्ही फुकटच मिळणार असतील, तर ओळखीचे सोडून अनोळखी कोण घेईल?

विद्यार्थ्याची अडचण प्रणालीपेक्षा रोजगाराशी अधिक निगडित आहे. हिशेबाचे टॅली आणि छपाईच्या दुकानांतले कोरल ड्रॉ विंडोजवर चालतात. लिनक्सवर ती सरळ चालत नाहीत. अशा नोकरीची आशा असणाऱ्याने विंडोज निवडले, तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. याउलट, राज्यातील सरकारी नोकऱ्यांसाठीच्या 'सीपीसीटी' परीक्षेत हिंदी टंकलेखनाला इनस्क्रिप्ट कळफलक चालतो आणि तो दोन्ही प्रणालींत सारखाच असतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला तर लिनक्सच अधिक सोयीचे.

विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम लागते; पण तेवढ्यावर ब्राउझरच्या चार खिडक्या उघडताच यंत्र धापा टाकू लागते. तेथे लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या उपयोगी पडतात. शिवाय 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. आधीच्या तुकड्यांनी घेतलेल्या ज्या लॅपटॉपांवर विंडोज 11 चढत नाही, त्यांचे आयुष्य लिनक्समुळे वाढू शकते. पेनड्राइव्हवरून ते चालवून पाहता येते. त्यासाठी आधीचे विंडोज पुसावे लागत नाही.